बेवारस तीळ

स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून ती बावीस वर्षं लोकांचे चेहरे पुसत होती. ओल्या फडक्यानं नव्हे, कॉम्प्युटरवर. तीळ, वांग, मुरमं, चामखिळी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हसल्यानं पडलेल्या सुरकुत्या, न हसल्यानं पडलेल्या सुरकुत्या, जे समोर येईल ते. हात असा सफाईदार, की एकदा म्हणे तिनं एका गृहस्थांच्या पासपोर्टच्या फोटोतला डाग पुसला, तर दुसऱ्या गावात राहणाऱ्या त्यांच्या जुळ्या भावाच्या गालावरचा डाग त्याच दुपारी फिका पडला. खरंखोटं त्या भावालाच ठाऊक. त्यानं पुढं दाढी वाढवली, त्यामुळे आता तपासायचीही सोय राहिली नाही.

सगळे तिला खोडरबर म्हणत. स्टुडिओचे मालक म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, नवरा तर म्हणेच. लाडात आला की तो नुसतं "रबरा" म्हणे.

तिची एक खोड मात्र कोणाला माहीत नव्हती. पुसलेलं ती फेकत नसे. दुसऱ्याची वस्तू, आपण कशी टाकायची? प्रत्येक तीळ, प्रत्येक व्रण ती अलगद कापून एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि खाली नाव लिहायची: 'बँकेतल्या कॅशियरची चामखीळ, उजवी भुवई.' 'बेकरीवाल्याच्या सुनेचं वांग, दोन्ही गाल.' फोल्डरचं नाव होतं 'परत करायचं'. बावीस वर्षांत परत मागायला कुत्रं फिरकलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? ठेव ती ठेव.

त्या फोल्डरमधला पहिलावहिला तीळ तिच्या ताईचा.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. रंगानं चांगली काळीसावळी, आणि डाव्या गालावर, नाकपुडीपासून दोन बोटं सोडून, मसुराच्या दाण्याएवढा तीळ. नुसता तीळ नव्हे, त्याला खालच्या अंगाला बारीकशी शेपटी. अगदी तस्साच आईच्या गालावर, आणि आईच्या आईच्याही. घरी कोणी नवीन माणूस आलं की ताईकडे बघून म्हणायचं, "ही तुमचीच, सांगायलाच नको." मग धाकटीकडे वळायचं आणि विचारायचं, "आणि ही?"

ताईचं लग्न झालं तेव्हा धाकटीला हे काम शिकून जेमतेम तीन महिने झाले होते. हात नुसते शिवशिवत होते. बहिणीला भेट द्यायची तर जन्मभर लक्षात राहील अशी, म्हणून तिनं नवरा-नवरीचा मोठा फोटो घेतला आणि चार दिवस त्याच्यावर खपली. तीळ काढला. रंग दोन पायऱ्या उजळला. फ्रेम करून भिंतीवर टांगली आणि सगळ्या घराला गोळा केलं. आईनं पदरानं चष्मा पुसला, फोटोच्या अगदी नाकाशी गेली आणि म्हणाली, "जावईबापू झकास आलेत हो. पण शेजारी ही कोण बसलीय? आमची ताई कुठं गेली?"

सगळं घर खो खो हसलं. ताई हसली नाही. धाकटीला बाजूला घेऊन तिनं एवढंच विचारलं, "माझ्यात पुसण्यासारखं तुला काय दिसलं गं?"

धाकटी वळून भिंतीवरची फ्रेम सरळ करू लागली.

"आठवलं की सांग," ताई म्हणाली.

झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद ते बंद. उत्तर धाकटीला त्याच दिवशी ठाऊक होतं, पण ते असं होतं की घशापर्यंत यायचं आणि चोरासारखं मागं फिरायचं.

गंमत बघा, ताईचं चष्म्याचं दुकान त्याच गावात, चौकात, स्टुडिओपासून चालत आठ मिनिटांवर. आणि चेहरे पुसून पुसून खोडरबरच्या चष्म्याचा नंबर दरसाल चढायचा. मग नवरा जुना चष्मा आणि डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन ताईकडे जायचा, नवा घेऊन यायचा. सोबत कागदाचा चिठोरा, त्यावर नुसते आकडे. एका वर्षी त्या आकड्यांखाली दोन शब्द होते: 'कमी बघ.' खोडरबरनं तो कागद पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घालून ठेवला.

"हे बोलणंच झालं की!" नवरा म्हणाला.

"हे औषध झालं," ती म्हणाली. "बोलणं वेगळं."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एका सकाळी स्टुडिओत क्रीमच्या कंपनीची मॅडम आली. पायांत उंच टाचा, हातात एक यादी, आणि चेहऱ्यावर जगाचं भलं करायला निघाल्याचा भाव.

"या वेळी आम्हाला सगळ्यांना सामावून घ्यायचंय," मॅडम म्हणाल्या. "काळ्या, गोऱ्या, म्हाताऱ्या, डागवाल्या, तीळवाल्या, सगळ्या. चौकात चाळीस फुटी पोस्टर. नऊ चेहरे. वर ओळ: प्रत्येक चेहरा आपला."

मालक म्हणजे स्टुडिओचे फोटोग्राफर. गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत मान डोलवायची त्यांची सवय. "वा वा! फार छान! कधी बोलावू त्या नऊ जणींना?"

"नऊ कुठून? एकच. आमचा करार एकीशीच आहे ना. चेहरे नऊ, बाई एक. बाकीचं तुमची ती पुसणारी करेल."

मालकांची मान डोलता डोलता मध्येच अडकली, पण मग पुन्हा सुरू झाली.

दुपारी मॉडेल आली. उंच, गोरीपान, बोलायला फटकळ. मालकांनी दिवे लावले. लावले म्हणजे काय, दिव्यांचे स्टँड पंधरा वर्षांपूर्वी जिथं ठेवले होते तिथंच होते, फरशीवर त्यांच्या पायांभोवती पिवळ्या रंगानं गोल काढलेले होते आणि ते गोल ओलांडायची कोणाची टाप नव्हती. मालक नुसतं बटण दाबायचे. नऊ फोटो झाले: हसरा, गंभीर, हनुवटीवर हात, हनुवटीखाली हात.

खोडरबरनं पहिल्यांदा, रोजच्या रिवाजाप्रमाणे, मॉडेलच्या नाकावरचे बारीक तांबूस ठिपके साफ केले. सतरा होते. ती मॉडेल मागं उभी राहून बघत होती.

"काकू, माझे सतरा काढलेत?"

"हो गं, कंपनीचा नियम आहे."

"आणि आता दुसऱ्यांचे लावणार?"

"हो."

"मग माझेच राहू द्या की. तेवढंच तुमचं काम वाचेल."

"तुझे ब्रँडला शोभत नाहीत," मॅडम यादीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. "आणि हे बघा, एकीला पांढरे डाग हवेत. पण बेताचे. म्हणजे डाग आहेत हे कळलं पाहिजे, पण दिसता कामा नयेत. म्हातारीला सुरकुत्या द्या, पण म्हातारी नको वाटायला. आणि काळी बाई... काळी म्हणजे अगदी काळी नको, चहात दूध जरा कमी पडलंय, इतपत. पाच वाजता फाइल छापखान्यात गेली पाहिजे."

खोडरबर कामाला लागली आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला तीळ काढता येत नाही. म्हणजे नाहीसा करता येतो, उमटवता येत नाही. बावीस वर्षं पुसणाऱ्या हातानं केलेला प्रत्येक तीळ शाई सांडल्यासारखा दिसायचा. सुरकुती ओढावी तर बशीला तडा गेल्यासारखी. साडेतीन वाजले. चार वाजले. मॅडमची टाच फरशीवर टक टक करू लागली.

शेवटी तिनं 'परत करायचं' उघडलं.

नाव लिहिलेल्या कशालाही तिनं हात लावला नाही. कॅशियरची चामखीळ कॅशियरची. पण खाली, अगदी तळाशी, काही फाइली बिननावाच्या होत्या. एक तीळ, एक पांढरा डाग, कपाळभर आठ्या, भुवईवरचा जुना व्रण, एक ठिपक्यांचा पुंजका, अशा मोजून नऊ. 'कोणाच्या असतील देव जाणे,' ती मनाशी म्हणाली. 'बेवारस दिसतात. कोणाचं काही बिघडणार नाही.' आणि तिनं त्या एकेका गोऱ्या गालावर, कपाळावर, हनुवटीवर चिकटवल्या. अशा बसल्या, अशा बसल्या, की जणू जन्मल्यापासून तिथंच होत्या.

मॅडम खूश. एकाच चेहऱ्यावर त्यांनी नाक मुरडलं. ज्याच्यावर ठिपक्यांचा पुंजका होता त्याच्यावर. "हा मात्र अगदीच खोटा वाटतो. पण चालेल, खालच्या ओळीत टाका."

पोस्टर लागलं त्या दिवशी नवरा नवा चष्मा आणायला ताईच्या दुकानात गेला. येताना पळत आला. आयुष्यात बस पकडायलाही न पळालेला माणूस, तो स्टुडिओच्या दारात धापा टाकत उभा.

"रबरा! तुझ्या ताईनं तोंड उघडलं!"

"कोणापुढं?"

"माझ्यापुढं! पाणी दे आधी."

पाणी पिऊन त्यानं सांगितलं ते असं. ताईची एक पद्धत होती. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारात उभं करायचं आणि चौकातलं पोस्टर दाखवून विचारायचं, काय काय दिसतंय? आज दारात उभे होते हेडसर, अर्ध्या गावाला शिकवून निवृत्त झालेले. ताईनं विचारलं, "सर, दिसतंय का स्वच्छ?"

सर म्हणाले, "उत्तम. नऊ बायका दिसतायत. नऊच्या नऊ एकीसारख्या. वरच्या ओळीतल्या मधल्या बाईच्या गालावर तीळ आहे. तिळाला शेपटी आहे." मग सरांनी मान वळवून ताईकडे पाहिलं, पुन्हा पोस्टरकडे पाहिलं. "तुमचाच आहे. आणि तिच्या खालच्या बाईच्या कपाळावर माझ्या आठ्या आहेत."

"काहीतरीच काय सर!"

"काहीतरीच? तीस वर्षं वर्गावर वापरल्यात मी त्या. मला ओळखू येणार नाहीत? मधली आठी डावीकडे तुटकी आहे बघा. गणिताच्या तासाला तुटलेली आहे ती."

"मग?" खोडरबरनं विचारलं. 

"मग ताई चालत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाड्या हॉर्न वाजवतायत, ही हलेल तर शपथ. पाच मिनिटांनी परत आली आणि मला म्हणाली, तिला सांग, मी येतेय."

खोडरबर धावत आपल्या खुर्चीशी गेली. तिनं फोल्डर उघडलं आणि त्या नऊ फाइलींकडे नीट पाहिलं, यावेळी घड्याळाकडे न बघता. कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी राहिला. ताईच्या तिळाखाली तिनं नाव लिहिलं नव्हतं, कारण ताईच्या तिळाखाली नाव कसलं लिहायचं? आपल्या घराच्या दारावर 'आपलं घर' अशी पाटी कोणी लावतं का? हेडसरांच्या आठ्या, तेच. साऱ्या गावाला पाठ. पोस्टातल्या बाईंच्या हनुवटीवरचा पांढरा डाग, रोज दारात येणारा. ज्यांना विसरणं शक्यच नव्हतं, नेमक्या त्यांच्याच फाइली बिननावाच्या होत्या. आणि ती विसरली होती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गलका झाला.

ताई एकटी आली नव्हती. तिच्यामागं हेडसर होते, सायकल हातात धरून पोस्टातल्या बाई होत्या, भुवईवर व्रण असलेली व्हॉलीबॉलची कोच होती, आणि वाटेत 'काय झालं, काय झालं' करत सामील झालेलं अर्धं गाव होतं. नंतर सांगणारे सांगतात की रांग चौकापर्यंत लागली होती आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर तीळच नव्हता, तो नुसता आशेनं उभा होता.

मॅडम तिथंच होत्या, मॉडेललाही सोबत घेऊन आल्या होत्या. परवा कंपनीचे मोठे साहेब पोस्टर बघायला येणार, म्हणून त्या मालकांना हार कुठून आणायचा ते विचारत होत्या. गर्दी बघून त्यांचा चेहरा त्यांच्याच क्रीमसारखा पांढरा पडला.

ताईनं खोडरबरकडे पाहिलंही नाही. सरळ मॅडमसमोर गेली. "पोस्टर तुमचं का?"

"हो. म्हणजे सगळ्यांचंच. प्रत्येक चेहरा आपला."

"चेहरा कुठं आपला? चेहरा तिचा, तीळ माझा. तीळ तेवढा चालतो आणि त्याच्या मागची बाई चालत नाही होय?"

"अहो, तुमचा तीळ फार गोड आहे! म्हणून तर..."

"गोड आहे का आंबट, ते मी विचारलं नाही."

"माझा डाग," पोस्टातल्या बाई मागून म्हणाल्या, "वीस वर्षं लोक टक लावून बघतात, पत्र घेतात आणि दार लावतात. आज चाळीस फुटी लागला, तर तोही दुसरीच्या तोंडावर! निदान विचारायचं तरी."

"आणि माझ्या आठ्या एका तरुण मुलीच्या कपाळावर," हेडसर म्हणाले. "तिला काय त्रास झालाय इतका?"

"आत्ता होतोय," ती मॉडेल कोपऱ्यातून म्हणाली. मग पुढं आली. "मॅडम, तो ठिपक्यांचा चेहरा तुम्हाला खोटा वाटला होता ना, खालच्या ओळीतला? मी मोजले ते. सतरा आहेत. माझेच आहेत. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथं आले होते तेव्हाचे."

 मालकांची मान, जी तोवर सगळ्यांच्या बोलण्यावर डोलत होती, ती थांबली.

मॅडम शेवटी नोकरीच करणारी बाई होती. परवावर आलेले साहेब तिच्या डोळ्यांपुढं नाचू लागले. "बरं," ती म्हणाली, "तुमचा एक फोटो घेऊ या. खालच्या कोपऱ्यात बसवते. छोटासा."

"कोपऱ्यात कशाला? मी काय केरसुणी आहे?" ताई म्हणाली. "हे बघा. ज्याचा तीळ त्याचा चेहरा. नऊच्या नऊ. त्यात ही मुलगीही, तिच्या सतरांसकट. आणि कुठला फोटो लावायचा ते ठरवताना आम्ही टेबलाशी बसणार. चहा पाजायला नाही, ठरवायला."

"पण तुम्ही मॉडेल नाही!"

"चष्मा नीट आहे ना तुमचा? का बदलून देऊ?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, गर्दी पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि पर्स टेबलावर ठेवली. बायका पर्स टेबलावर ठेवतात तेव्हा लढाई संपलेली असते.

पहिल्यांदा ताई बसली. मालकांनी बटण दाबलं. पिवळ्या गोलांतले सगळे दिवे धाडकन पेटले, कॅमेरा खटकला, आणि पडद्यावर जे उमटलं ते बघायला सगळे पुढं वाकले. ताई होती, पण राख फासल्यासारखी. कपाळ चकाकत होतं, गाल बुडाले होते, आणि तीळ कुठं होता तो शोधायला टॉर्च लागली असती.

"काय करणार," मालक खाकरले. "काळा रंग कॅमेऱ्यात येत नाही. पहिल्यापासून हीच अडचण आहे. जरा उजळ करून घेतला की..."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पहिल्यांदाच, त्या दिवसात पहिल्यांदा, तिनं बहिणीकडे पाहिलं. नुसती बघत राहिली.

आता बावीस वर्षं चेहरे पुसणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली असते. कुठल्या चेहऱ्यावर उजेड कुठं पडतो आणि सावली कुठं साचते, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. कारण चुकीच्या उजेडाची घाण तिनंच रोज काढलेली असते. खोडरबर उठली. मोठ्या दिव्याच्या स्टँडला दोन्ही हात घातले आणि ओढला.

"ए, ए! गोल!" मालक ओरडले. "गोलाच्या बाहेर गेला!"

"जाऊ दे."

"पंधरा वर्षं तिथं आहे तो!"

"म्हणून तर."

स्टँड करकरला. त्याच्या पायाखाली फरशीचे तीन तुकडे नव्यासारखे पांढरेशुभ्र निघाले. बाकीची फरशी करडी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. खोडरबरनं दिवा समोरून काढून बाजूला नेला, भिंतीकडे फिरवला, म्हणजे उजेड भिंतीवरून उलटून मऊ होऊन यावा. पोस्टातल्या बाईंच्या हातात पांढरा पुठ्ठा दिला आणि ताईच्या उजव्या अंगाला धरायला लावला. हेडसरांना खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. त्यांनी सवयीनं आधी सगळ्या गर्दीला गप्प केलं आणि मग ओढला. उजेड ताईच्या गालावरून हळूहळू सरकत गेला, तेल लावलेल्या सागवानावरून सरकावा तसा, आणि तिळाशी येऊन थांबला.

खोडरबर पुठ्ठा सरळ करायला वाकली. दोघींची तोंडं वीतभर अंतरावर आली.

"आठवलं का?" ताईनं हळूच विचारलं.

एकवीस वर्षांनी. आणि तेही पन्नास माणसांत, दिव्याच्या झोतात, आणि पोस्टातल्या बाई कान टवकारून पुठ्ठा धरून उभ्या असताना.

"विसरलेच नव्हते," खोडरबर म्हणाली. "आईनं तो तुला दिला. मला नाही दिला. सगळे तुझ्याकडे बघून म्हणायचे, ही तुमचीच. मग माझ्याकडे वळायचे. मला वाटलं, एकदा तरी दोघी सारख्या दिसू."

 पुठ्ठा थरथरू लागला, कारण पोस्टातल्या बाईंना रडू आवरेना.

"बावळट," ताई म्हणाली. "तुझं नाक कोणाचं आहे?"

"कोणाचं?"

"आईचंच की! अख्खंच्या अख्खं आईचं नाक घेऊन फिरतेस आणि माझ्या मसुराएवढ्या तिळावर जळतेस? आरसा नाही का घरात? कमी बघ म्हटलं होतं, म्हणजे लोकांकडे. स्वतःकडे नव्हे."

खोडरबरनं नाकाला हात लावला. खरंच होतं की आईचं. शेंड्याला जरासं बसकं, आणि रडायच्या आधी लाल होणारं. ते आत्ता लाल होत होतं.

"काढू का?" मालकांनी विचारलं.

"थांबा," ताई म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "आता काढा."

मग एकेक करून सगळे बसले, आणि दर माणसागणिक खोडरबरनं दिवे हलवले. हेडसरांसाठी एकीकडे, कोचसाठी दुसरीकडे, पोस्टातल्या बाईंच्या डागासाठी खिडकीचा उजेड पुरला. मॉडेल सतरा ठिपक्यांसकट बसली आणि म्हणाली, चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः इथं आलेय. फरशीवरचे पिवळे गोल संध्याकाळपर्यंत लोकांच्या पायांनी पुसले गेले. तेवढं पुसणं मात्र तिनं मुद्दाम अडवलं नाही. टेबलाशी निवड चालली तेव्हा सगळ्यांत जास्त भांडण हेडसरांनी केलं. त्यांना आठ्या अजून ठळक हव्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. नव्या पोस्टरखाली बराच वेळ उभे राहिले, मग मॅडमना म्हणाले, "या सगळ्या वेगवेगळ्या आहेत?" मॅडम म्हणाल्या, "हो सर. आणि एक त्यात पुरुष आहे." साहेबांना ते पटलं की नाही कोणास ठाऊक, पण त्यांनी तिथंच ताईच्या दुकानात नंबर तपासून घेतला आणि दोन चष्मे घेऊन गेले.

आठवड्यानं खोडरबर पहिल्यांदाच स्वतः चष्मा घ्यायला ताईच्या दुकानात गेली. नवऱ्याला त्या दिवशी दुसरं कामच नव्हतं, तरी त्याला घरी ठेवलं. ताईनं तिला खुर्चीवर बसवलं, भिंगं बदलली, मान इकडे कर, तिकडे कर, असं करून घेतलं आणि मग दारात उभं केलं.

"सांग. काय दिसतंय?"

वरच्या ओळीत, मधोमध, ताई. चाळीस फुटांवरून बघत होती, गाल लखलखीत, तीळ जिथल्या तिथं. खोडरबर बघत राहिली. मग तिनं डोळे बारीक केले.

"ताई."

"काय?"

"उजव्या गालावर एक पांढरा डाग आहे गं. तुझ्या. मी लावला नाही, शपथ."

ताईही दारात आली. कपाळावर हात धरून वर पाहिलं. पोस्टरच्या कडेवर एक कावळा बसला होता, अगदी निवांत, पोट हलकं झाल्यावर बसतात तसा.

"हा माझा नाही," ताई म्हणाली. दुकानात वळून तिनं भिंगं पुसायचं मऊ फडकं उचललं, दुसऱ्या हातानं बादली आणि टेबलामागची शिडी, आणि तिन्ही धाकटीच्या अंगावर ढकलली. "हा पूस."

"आत्ता?"

"मग काय फोल्डरमध्ये ठेवणारेस?"

खोडरबर शिडी चढली. खाली ताई शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरून उभी होती आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "उजवीकडे! जरा वर! अगं तिकडं नको, तो माझा आहे, त्याला हात लावू नकोस!"